आधी रेघ, मग अक्षर

सुलभाबाईंचं वागणं वैजंताबाईला पहिल्यापासून खुपायचं. वस्तू मागायची ती लाघवीपणानं, परत द्यायची कुरकुरत, आणि मधल्या काळात आपलीच म्हणून चारचौघांत मिरवायची. मग ती शाल असो की सांडशी. पण या खेपेला बाईंनी मिरवायला चक्क वैजंताबाईचा हात उचलला होता.

माघातलं हिमाचल. नदीच्या कडेला बर्फाची पातळ साय धरलेली. भिगवणच्या तिघी मैत्रिणी, वैजंताबाई, हिरा आणि निवृत्त शिक्षिका सुलभाबाई, दर हिवाळ्यात इथं ट्राउट धरायला यायच्या. गळाला पिसांची खोटी माशी बांधायची, लांब दोरी हवेत फिरवायची आणि माशी पाण्यावर अलगद टेकवायची. थंडीनं सुस्तावलेला ट्राउट, माशी जरा आपटली तरी तोंड फिरवतो. उजनीच्या पाण्यात चाळीस वर्षं पागाचं जाळं फेकून घडलेलं वैजंताबाईचं मनगट मात्र, निजल्या पोरावर वाकळ घालावी तशी माशी ठेवायचं.

तेच मनगट आता कुणालाही मिळणार होतं. ‘वळणपट्टी’ मनगटाला बांधली की ती नसांमधले इशारे टिपून ठेवायची आणि दुसऱ्याच्या हाताला तेच वळण लावायची. गेल्या वर्षी सुलभाबाई म्हणाल्या होत्या, “वैजंता, हात आखडलाय गं, तुझ्या हाताची पट्टी दे दोन दिवस.” ती परत आलीच नाही. आणि आज पट्टी बनवणाऱ्या कंपनीचे नेगीसाहेब नदीवर हजर होते, ‘सुलभा-वळण’ देशभरच्या पट्ट्यांत भरायचा करार घेऊन.

“सांग की त्यांना,” हिरा कुजबुजली.

“काय सांगू? शिकलेली ती, बोलणारी ती. माझं कोण ऐकतंय?”

तेवढ्यात तिची नजर सुलभाबाईंच्या बोटांवर गेली. पट्टी पिशवीत काढून ठेवलेली, तरी बाई माशीला गाठ मारत होत्या ती वैजंताबाईच्या घरची, भोयांच्या जाळ्याची. दोनदा उलटी, मग दातानं ओढून. हात पट्टीतून उतरून बाईंच्या अंगात मुरला होता आणि बाईंना पत्ताच नव्हता. वैजंताबाई गालातल्या गालात हसली.

उन्हं वर येईतो सुलभाबाईंनी हातभर ट्राउट काढला. नेगीसाहेबांनी अंगठ्याचं यंत्र पुढं केलं.

“अंगठा?” वैजंताबाई मोठ्यानं म्हणाली. “अहो साहेब, अंगठा आम्हा अडाण्यांचा. या मास्तरीणबाई आहेत. प्रौढांच्या वर्गात मला सही यांनीच शिकवली. मी आधी रेघ ओढायची, मग दोरीला मासे टांगावेत तशी अक्षरं टांगायची. बाई, तुम्ही सगळ्या वर्गापुढं हसला होतात मला. आठवतंय का? करा की कागदावर, मोत्यासारखी!”

बाई फुलल्या. वर्षभर सगळं फोनशी बोलून नि अंगठा टेकवून भागलेलं. पेन हाती धरलंच नव्हतं. त्यांनी ऐटीत पेन टेकवलं.

आधी रेघ आली. मग तिच्याखाली एकेक अक्षर लटकलं. ‘भ’ पोट सुटलेला, काना तिरका.

त्यांनी खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा आधी रेघ.

वैजंताबाईनं पेन काढून घेतलं आणि त्याच्याखाली ‘सुलभा’ असंच लिहिलं. तिन्ही नावं एकाच हातची.

नेगीसाहेबांनी कागद कितीतरी वेळ निरखला. मग वैजंताबाईकडं बघून म्हणाले, “वळण तुमचं आहे. करार तुमच्या नावानं होईल.”

“आणि माझा हात?” सुलभाबाईंचा आवाज चिरकला. “साहेब, हे निघेल ना?”

“निघेल. मूळ हात आठ दिवस यंत्राला जोडून बसला, तर कुठलं कुणाचं ते वेगळं काढता येतं. पण यांची तयारी हवी.”

“वैजंता, पाया पडते तुझ्या. माझं अक्षर गं ते! माझ्या वडलांनी, अण्णांनी हात धरून गिरवून घेतलेलं. त्यांचं तेवढंच राहिलंय माझ्याकडं.”

हिरानं मान खाली घातली. वैजंताबाईनं नाही घातली. तीस वर्षं तिनं या बाईला अहो-जाहो केलं होतं.

“सुलभे,” ती म्हणाली, “मागून नेलास ना हात? ठेव आता. मी परत घ्यायची नाही. भाकरी थापशील ती माझी, नातवाच्या पाठीवर फिरवशील तो हात माझा. आणि रोज सकाळी आरशापुढं तुझी वेणी घालतं, ते कोण गं?”