स्वयंपाकघरापलीकडची खिडकी

परक्या देशात संसार मांडायचा म्हणजे आधी खोकी फोडायची, आणि हवा असलेला डबा नेमका शेवटच्या खोक्यात निघायचा. घर तिसऱ्या मजल्यावर. भिंतींना ताज्या रंगाचा वास, जेवायला टेबल म्हणून एक पालथं खोकं. नवरा खिडक्या बसवायच्या कामावर लागला होता. चौकटी, काचा, बिजागऱ्या यांत त्याची अर्धी हयात गेलेली. "लोकांच्या घरात डोकावायचा पगार मिळतो मला," असं तो म्हणायचा. बायको घर लावत होती. आणि सहा वर्षांची लेक, पुढच्या दोन दातांमुळे जिचं नाव खारूताई पडलं होतं, ती आईची ओढणी सोडायला तयार नव्हती.

पोरीला एकच भीती होती. इथे कुणाचं बोलणं कळत नाही. बाबा कामावर गेला आणि हरवला, तर विचारायचं कुणाला? पहिल्याच सकाळी तिने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आईने नियम काढला.

"आपण खिडकीतून बाबाला हात करायचा. तो कोपऱ्यावरून वळून आपल्याला हात करणार. ज्याला हात केला, तो माणूस संध्याकाळी घरी येतो म्हणजे येतोच. पण उजवा हात हं."

उजव्या हाताचं आईला भारी वेड. जेवण, देणंघेणं, देवाला फूल, सगळं उजव्याने. "उजवा हात" हे दोन शब्द त्या घरात मिठासारखे रोज लागायचे.

कोपऱ्यावर कपडे धुऊन देणारं दुकान होतं. त्याच्या काचांवर कायम वाफ असायची. तिथे पोचला की तो वळायचा, तिसरा मजला शोधायचा, शेवटच्या खिडकीत दोघी दिसल्या की हात उंच करायचा. पोरही हात हलवायची. मग तो निर्धास्त मनाने बस पकडायचा.

एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "अहो, रागावू नका, पण तुम्ही रोज भलतीकडेच हात करता. पोर हिरमुसते."

"भलतीकडे कसा? शेवटच्या खिडकीत तर असता तुम्ही."

"स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. तुम्ही तिच्या पलीकडे बघता."

"पलीकडे दिसता म्हणून बघतो ना."

तिचा भाजी निवडणारा हात थांबला. "पलीकडे काय आहे हो?"

त्याने टेप काढला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं वाजवून पाहिली, माप घेतलं, खाली उतरून बाहेरूनही घेतलं. भिंतीपलीकडे नुसती हवा होती. इमारत तिथेच संपत होती. "डोळे तपासून घ्यायला हवेत," तो वर येऊन म्हणाला. बायको म्हणाली, "खिडक्या बसवणाऱ्याला स्वतःची खिडकी सापडेना, शोभतं का?" दोघंही हसले आणि विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरून त्याने नीट पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत बायको आणि लेक उभ्या होत्या.

त्यांच्या पलीकडच्या खिडकीतही उभ्या होत्या.

तीच ओढणी, तोच पिवळा फ्रॉक. फरक एवढाच की स्वयंपाकघरातली पोर उजवा हात हलवत होती आणि तिकडची डावा. आतून उजवं ते बाहेरून डावं दिसतं, हा हिशेब त्याच्या हाडात मुरलेला होता; त्यात तो चुकणं शक्यच नव्हतं. इतके दिवस आपण कुणाला हात करत होतो, हे त्याला आता कळलं.

घरी तो काहीच बोलला नाही. आधीच पोर बिथरलेली, त्यात बायकोच्या डोक्याला आणखी घोर कशाला? आता फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायचं, असं त्याने ठरवलं आणि तसंच केलं. खारूताई खूश झाली. "बाबा, आता तू आम्हालाच हात करतोस," ती म्हणाली. पलीकडे मात्र त्या दोघी रोज काचेच्या जास्त जवळ येत होत्या. न बघताही ते त्याला दिसायचं.

मग एका ढगाळ सकाळी तो वळला, तर स्वयंपाकघरातली पोर डावा हात हलवत होती. तिच्या शेजारी बायको प्रेमाने हसत होती.

पलीकडच्या खिडकीत पिवळा फ्रॉक दोन्ही हातांनी काच बडवत होता.

तो माघारी घराकडे पळत सुटला. जिने चढून धापा टाकत दार ठोठावलं. बायकोने दार उघडलं.

"काय विसरलात?"

आत पोर दूध पीत होती. पेला डाव्या हातात. तो वाट बघत राहिला, बायको आता म्हणेल, आता म्हणेल. तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शहाणी गं माझी."

तो स्वयंपाकघरात गेला. भिंतीला कान लावला.

आतून कुणीतरी लहान मुठीने भिंत वाजवत होतं. आणि बारीक, दमलेल्या आवाजात "बाबा, बाबा" चाललं होतं.

"बस चुकेल हं तुमची," मागून बायको म्हणाली.

तो घाबरला होता. हातोडा घ्यावा असं मनात आलं. पण त्या भिंतीपलीकडे काय आहे, हे त्यानेच मोजलं होतं. त्याच्या हातात एकच गोष्ट उरली होती, आईने पोरीची समजूत काढायला रचलेला तो नियम. तो कोपऱ्यावर आला, वळला, आणि पलीकडच्या खिडकीकडे बघून त्याने उजवा हात होता होईल तेवढा उंच केला.

काच बडवणारे हात थांबले. मग त्यातला एक वर गेला. उजवा.

दिवसभर त्याचं कामात लक्ष नव्हतं. एक अख्खी काच त्याने उलट्या मापाने कापली. संध्याकाळी येऊन त्याने दार ठोठावलं.

दार उघडलं आणि खारूताई त्याच्या कमरेला बिलगली.

"आलास, आलास," ती म्हणत राहिली. तिच्या मुठी लाल झाल्या होत्या.

तो रडला. बायकोने त्याचा खांदा घट्ट धरला. मग तिने खोक्यावर ताटं मांडली. पोरीने पेला उचलला, उजव्या हातात. बायकोने वरणभात वाढला, तोही उजव्याने. त्याचा जीव भांड्यात पडला. खूप दिवसांनी त्याला सपाटून भूक लागली होती, आणि तो भराभर जेवू लागला.

"अहो," बायको हळूच म्हणाली. "उजवा हात."

त्याने खाली पाहिलं. घास डाव्या हातात होता.

"लक्षातच आलं नाही," म्हणत त्याने हात बदलला. उजव्या हाताने भात कालवला. बोटं आखडली, शितं ताटाबाहेर सांडली. घास काही केल्या बांधता येईना.

त्याने हसून वर पाहिलं. बायको हसत नव्हती.

खारूताईने आपलं ताट दोन्ही हातांनी उचललं, आणि ती आईच्या पलीकडे जाऊन बसली.