सातवर चिकटलेलं बटण

हे घडलेलं आहे. ज्याच्यापुढे रोज हात जोडते त्याला स्मरून सांगते, यात पदरचं एक अक्षर नाही.

बारक्या माझा पाठचा भाऊ. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. त्याने हे मला मान खाली घालून सांगितलं. "ताई, लिही," म्हणाला. "मला लिहवत नाही."

वार बुधवार. भर दुपार. वाद्यांच्या दुकानात चिटपाखरूही नव्हतं.

शनिवारी कार्यक्रम होता. पुढच्या खुर्चीवर, म्हणजे मुख्य कीबोर्डवर, बसायची बारक्याची पहिलीच वेळ. त्याला स्वतःचा ॲम्प हवा होता, कीबोर्डचा आवाज मोठा करणारा खोका.

"टिकाऊ पाहिजे," तो म्हणाला. "टेम्पोत आदळला, जिन्यावरून घसरला, तरी वाजला पाहिजे."

"मग रणगाडाच घ्या की!" दुकानदार हसला.

ॲम्प कसा निवडायचा हे बारक्याला तात्यांनी शिकवलं होतं. तात्या म्हणजे त्याच्याआधी पुढच्या खुर्चीवर बसणारे.

खोक्यावर बोटाने ठोकायचं, पोकळ वाजलं तर नको. पिन खोचून हलवायची, खरखर आली तर नको. सगळ्यात खालचा सूर दाबून धरायचा, जाळी थरथरली तर नको. आणि शेवटी आवाज सातवर ठेवून, पाठ फिरवून वाजवायचं. कारण स्टेजवर ॲम्प आपल्या पाठीमागेच असतो.

पहिला ॲम्प सगळ्यात पास झाला.

बारक्याने पाठ फिरवली. बोटं आपोआप एका संथ चालीवर गेली. तात्या कार्यक्रमाची सुरुवात करायचे ती चाल.

आणि आवाज...

कमी झाला.

त्याने वळून पाहिलं. बटण सहावर.

"तुमचा हात लागला का हो?"

"मी इथे काउंटरवर बसलोय की राव!"

त्याने पुन्हा सातवर ठेवलं. पुन्हा वाजवलं.

सहा... पाच...

"पीस खराब असेल," दुकानदार म्हणाला. त्याने कोरा करकरीत दुसरा ॲम्प खोक्यातून काढला. बटण इतकं घट्ट की फिरवताना बोट दुखावं.

तीच चाल.

आवाज पुन्हा बसला.

तिसऱ्या वेळी बारक्या वळला नाही. समोर काचेचं कपाट होतं. वाजवता वाजवता तो काचेत बघत राहिला. मागे ॲम्प दिसत होता. आसपास कुणी नव्हतं.

बटण फिरत होतं.

एकदम नाही. हळूच... एक रेघ... मग थांबून... आणखी एक रेघ.

ती फिरवण्याची पद्धत त्याने ओळखली.

ती त्याची स्वतःची होती.

दोन वर्षं तो तात्यांच्या मागे, ॲम्पला खेटून बसायचा. दुसरा कीबोर्ड त्याचा. तात्यांची बोटं कधीमधी थरथरायची. बारक्याला ती खुर्ची हवी होती. दर कार्यक्रमात, कुणाचं लक्ष नाही बघून, तो तात्यांचा आवाज रेघ-रेघ उतरवायचा.

कार्यक्रम संपला की तात्या विचारायचे, "बारक्या, माझा आवाज बसल्यासारखा वाटला का रे?"

"नाही तात्या. तुम्हालाच हल्ली कमी ऐकू येत असेल."

एक दिवस तात्यांनी आपला जुना ॲम्प उचलला आणि घरी नेला. परत आलेच नाहीत. तीन महिन्यांत गेले. त्यांना पोचवायला गेलेल्यांत सगळ्यात मोठ्याने रडला तो बारक्याच.

दुकानातून तो रिकाम्या हाताने निघाला. तडक काकूंकडे गेला, तात्यांच्या घरी. येतो म्हणून कळवलंही नव्हतं.

काकूंनी दार उघडलं. "ॲम्प न्यायला आलास ना? हे सांगून गेले होते, बारक्या येईल म्हणून."

कोपऱ्यात चादरीखाली जुना ॲम्प होता. बारक्या तिथेच खाली बसला आणि सगळं सांगून टाकलं. एकही शब्द राखला नाही.

काकू चादरीची घडी घालत राहिल्या.

"माहीत होतं रे त्यांना. चष्म्याच्या कडेला मागचं दिसतं. तरी मन मानेना, म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत."

"मग बोलले का नाहीत मला?"

"म्हणाले, पोराला लाज वाटेल."

बारक्याने ॲम्पकडे पाहिलं. आवाजाचं बटण सातवर होतं. फिरवून बघितलं, हललं नाही. शेवटच्या आठवड्यात तात्यांनी ते चिकटवून टाकलं होतं.

शनिवारी बारक्याने तोच ॲम्प लावला. आवाज एका रेघेनेही उतरला नाही. टाळ्या पडल्या. तो वायर गुंडाळायला वाकला. विजेची पिन आधीच काढलेली होती.

आणि जाळीतून, अगदी हळू...

"बारक्या, माझा आवाज बसल्यासारखा वाटला का रे?"

त्या दिवशी तो पळाला. आता पळत नाही. प्रश्न मात्र दर कार्यक्रमाला येतो म्हणतो.

माझा विश्वास नव्हता. मनाचे खेळ, म्हटलं. म्हणून मागच्या महिन्यात त्याच्याबरोबर गेले. कार्यक्रम संपला, मंडळी पांगली. मीच ॲम्पची विजेची वायर काढून गुंडाळायला घेतली. मला काही ऐकू आलं नाही.

पण बारक्या एकाएकी थांबला. ॲम्पकडे बघून, अपराधी पोरासारखा पुटपुटला, "हो तात्या. बसला होता. मीच बसवत होतो."

ॲम्पवरचा लाल दिवा विझला.

तोवर तो लागलेला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आणि वायर तर सगळी माझ्या हातात होती...