पोचूचा चाळीस मीटर दोर

"आठ त्रिक चोवीस, बरोबर! पण आठ न तीनची बेरीज दहा होते काय वं?" सूरजनं नंदिनीची वही हिसकावली.

तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली बसून दोघं सुट्टीतली गणितं सोडवत होती. x² + 10x + 24 चे अवयव पाडा.

"सहा न चार," नंदिनी ओशाळली. "गुणाकार जमला का मी बेरीज पाहतच नाई रे!"

खाली अख्खा गाव जाळी-टोपल्या घेऊन जमला होता. वैशाखात पाणी गुडघ्याला आलं की सगळ्यांनी मिळून मासे धरायचे, ही इथली रीत. यंदा मात्र कोणी हसत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात ठेकेदारानं मुरमासाठी तलावाच्या पोटात आयताकृती खड्डा खोदला आणि तसाच सोडून दिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी सूरजचे बाबा, पोचू, त्यातच बुडाले. गढूळ पाण्याखाली तो खड्डा अजूनही होता.

"भिऊ नका!" मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष बाबुलालभाऊ ओरडले. "ठेकेदाराच्या कागदात चौऱ्याऐंशी चौरस मीटरचा खड्डा आहे. बारा साते चौऱ्याऐंशी! खड्ड्याच्या कोपऱ्यावरच्या बाभळीच्या खुंटापासून तेवढं मोजून बाकी कोपऱ्यांवर बांबू रोवले. त्याच्या आत जाऊ नका, बस!"

नंदिनीच्या हातातली पेन्सिल थांबली.

"सूरज, भाऊनंबी बेरीज नाई पाह्यली!"

"कशाची?"

"लांबी-रुंदीची! चौदा सक पण चौऱ्याऐंशीच होते. तुह्या बाबानं खड्ड्याभोवती दोर बांधला होता ना? किती होता?"

सूरजचा चेहरा उतरला. "चाळीस मीटर. खड्डा कोरडा होता तवा, ढोरं पडू नाई म्हणून बांधला. काठोकाठ. पाण्यानं सुटला, तोच धराले उतरले होते ते."

"चाळीसचं अर्धं वीस. बारा न सात एकोणीसच होते! चौदा न सहा, वीस! म्हणजे शेवटच्या बांबूपुढं अजून दोन मीटर खड्डा..."

तिनं तिकडे पाहिलं. शेवटच्या बांबूच्या पलीकडून, टोपली डोक्यावर घेऊन, तिची धाकटी बहीण रीता चालत येत होती.

"रीते! थांब! पाय उचलू नको!"

"काय लावलं पोट्टेहो?" बाबुलालभाऊ खेकसले. "गणित शाळेत करा!"

सूरज पाण्यात धावला. शेवटचा बांबू उपटून त्यानं तो रीतापुढं एका पावलावर खुपसला. बांबू गेला, गेला, मुठीपर्यंत गेला. तळ लागलाच नाही!

बाबुलालभाऊंनी रीताला उचलून छातीशी धरलं.

"सगळे बाहेर निघा!" ते कसेबसे म्हणाले. मग पाळीवर येऊन त्यांनी नंदिनी-सूरजच्या डोक्यावर हात ठेवला. "मी नुसता गुणाकार करून मोकळा झालो वं पोरी. तुमी दोघायनं लेकरू वाचवलं माह्या गावचं. पोचू असता तर..."

सूरजची आई, शकुबाई, घरी गेली आणि पोचूसोबत पाण्यातून निघालेल्या त्याच दोराचं भेंडोळं घेऊन आली. चौदा आणि सहावर नवे बांबू उभे राहिले. सूरज कडेकडेनं दोर ताणत फिरला. चौथ्या कोपऱ्यावरून खुंटाशी परतला, तेव्हा दोराची दोन टोकं एकमेकांना नेमकी टेकली.

"एवढाच होता," शकुबाई म्हणाली. "माह्यासमोर मोजला होता त्यायनं."

आणि तिनं गाठ मारली.