देठाला धरून

इंदापूरहून सुटलेली बारामतीची एसटी गच्च भरली होती. खिडकीशी बसलेल्या स्वप्नालीच्या मांडीवर एक द्राक्षांची पेटी येऊन टेकली.

"जरा धरा की, मॅडम! दुसरी खांद्यावर हाय." शेजारी उभा तरुण म्हणाला.

आत टपोरे घड. स्वप्नालीला राहवेना. तिने एक हौसेने मुठीत उचलला.

"आवं, मण्यांना हात लावू नगा!" तो कळवळला. "वरची पांढरी पावडर पुसली की माल शिळा दिसतो. देठाला धरायचं... असं."

त्याच्या राकट बोटांत घड नुसता तरंगत होता. स्वप्नाली बघतच राहिली — घडाकडे, आणि खोटं कशाला बोला, बोटांकडेही.

"अगदी जिंजरली!" ती बोलून गेली. बारामतीच्या शाळेत ती इंग्रजीची नवी बाई. आज हाच शब्द शिकवायचा होता आणि उदाहरण सुचत नव्हतं.

"जिंजर म्हंजी आलं न्हवं का? चहात घालत्यात त्ये?"

"आल्याचा काही संबंध नाही! जुन्या फ्रेंचमधून आलाय म्हणतात. आधी नाजूक पावलं टाकत नाचण्या-चालण्याला म्हणायचे. आता म्हणजे... जपून, हलक्या हातानं."

"मंग आमचा धंदाच की त्यो!" तो हसला. त्याचं नाव बिरू.

मग ते रोजचंच झालं. फळवाल्याकडे माल पोचवायला तो याच गाडीला यायचा, पेटी तिच्या मांडीवर ठेवायचा. ती त्याला एक नवा शब्द द्यायची. दोन महिन्यांत स्वप्नालीचा जीव त्याच्यात पुरता गुंतला. पण हा गडी बोलेल तर शपथ!

एप्रिलात एक दिवस तो रिकाम्या हातांनी चढला.

"बाग उरकली. उद्यापासनं मी गाडीला न्हाय."

स्वप्नाली झटकन त्याच्याकडे वळली. "मग आज कशाला आलात? एवढंच सांगायला?"

"न्हाय... सांगायचं लय हाय. पन बोललो, आन् तुमचं ह्ये रोजचं हसनं गेलं तर? एकदा पुसलेलं परत येत न्हाय, मॅडम. म्हनून... जपत व्हतो."

बारामतीचा स्टँड आला. खाली उतरून त्याने तिला हात दिला. दिला कसला — तिच्या बोटांची फक्त टोकं धरली, देठ धरावा तशी.

स्वप्नालीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"बिरू," ती म्हणाली, "मी द्राक्ष न्हाय. घट्ट धर."

त्याने धरला. मागून कंडक्टर ओरडत होता, "आवं बाई, पायरी सोडा की!"