दोघं नुसती भांडी घासतायत

"अगं ताई, अर्धा सिनेमा संपला, तरी दोघं नुसती भांडी घासतायत!" लिफ्टची वाट बघत मी फोनवर बहिणीशी करवादत होते. "ना मिठी, ना भांडण, ना गाणं. लिहू तरी काय मी, कप्पाळ?"

"घासतंय कोण आणि विसळतंय कोण?" मागून आवाज आला.

वळून पाहिलं. हातात पांढरी काठी, काखेत वकिलाचा काळा कोट, आणि चेहऱ्यावर असं हसू, की बघणाऱ्याला रागच यावा.

"तुम्हाला काय करायचंय?"

"मलाच तर करायचंय. तुमचा नवा तपासनीस मीच."

झालं! आता हे एक.

माझं काम असं – सिनेमात दोन संवादांच्या मधे जी मोकळी जागा असते, तिथे पडद्यावर काय दिसतंय ते सांगायचं, दृष्टी नसलेल्या प्रेक्षकांसाठी. मीच लिहिते, मीच वाचते. आणि ते नीट पोचतंय का, हे दृष्टी नसलेल्याच माणसाकडून तपासून घेते. आधीचे काका प्रत्येक ओळीला "छान, छान" म्हणायचे. हा वकील मात्र कोर्टातून सुटला, की माझी उलटतपासणी घ्यायला हजर!

"दोघं प्रेमाने एकमेकांकडे बघतात," मी वाचलं.

"कशावरून?"

"म्हणजे?"

"प्रेमाने, कशावरून? दिसलं तेवढं सांगा ना. प्रेम आहे की नाही, ते माझं मी बघतो."

दात-ओठ खात मी तो प्रसंग परत लावला. परत एकदा. आणि खरंच की... ती दोघं एकमेकांकडे बघतच नव्हती.

"तो ताटली पुसतो," मी हळूहळू म्हणाले. "पुसून झालेलीच... पुन्हा पुसतो. तिचा नळ चालूच राहिलाय."

तो खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "हां. आता दिसलं प्रेम."

मलाही आत्ताच दिसलं होतं. पण ते त्याला कशाला सांगू?

"असले रटाळ सिनेमे आवडतात तरी कसे हो तुम्हाला?" एकदा वैतागून विचारलंच. "मारामारीचा सिनेमा किती बरा! गाडी उडते, एक ओळ, काम फत्ते."

"गाडी उडालेली मला ऐकू येते, मॅडम. आणि त्या सिनेमांत हिरो तिला बघतो, की पडलाच प्रेमात! एका नजरेत खेळ खलास. मला तिथे शिरायला जागाच नाही. इथे कसं – ती रोज उशिरा येते, तो रोज कुरकुरतो, आणि बोलता बोलता कधीतरी... असलं प्रेम मलाही जमू शकतं."

"जमलंय कधी?" तोंडातून निसटलंच.

"केस चालू आहे," तो म्हणाला. "समोरची बाजू तारखांवर तारखा मागतेय."

घरी पोचल्या पोचल्या ताईला फोन. किती शिष्ट आहे, किती हट्टी आहे, एका 'प्रेमाने'साठी कसा अडून बसतो...

"पुरे गं बाई," ताई म्हणाली. "रोज त्याचंच पुराण!"

आणि एक दिवस मॅनेजरबाईंनी बोलावलं. "त्या वकिलापायी सगळं काम रखडलंय. तूही तक्रार करतच होतीस. कळवलंय मी त्याला, येऊ नका म्हणून. उद्यापासून काका येतील."

खरं तर मी उड्या मारायला हव्या होत्या. पण म्हणाले काय, तर – "मग मीही येत नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"बहुतेक."

खूप वाद घातला. शेवटी बाईंनी हात टेकले. "आण त्याला! पण या आठवड्यात काम संपव."

आणायचं कसं? तो फोनच उचलेना. मग चडफडत कोर्ट गाठलं. त्याची खोली म्हणजे फायलींच्या ढिगात अडकलेलं टेबल, कुरकुरणारा पंखा, आणि त्याला कुठलासा दावा भरधाव वेगात वाचून दाखवणारा लॅपटॉप. दारात उभी राहून मी सुस्कारा सोडला.

"बसा," तो म्हणाला. आज हसू नव्हतं. "तुम्ही तक्रार केलीत म्हणे माझी."

"केली! रोज केली. मॅनेजरबाईंकडे, ताईकडे, कुणीच नसलं तर भिंतीकडे. तुमच्याबद्दल बोलायचं म्हटलं, की तक्रारीशिवाय मला काही सुचत नाही... आणि तुमच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या बाईंशी भांडून आलेय मी आत्ता, तुम्हाला परत न्यायला. कळतंय का काही, की हेही पुन्हा वाचून दाखवू?"

त्याने चाचपडत लॅपटॉप बंद केला. खोलीत आता फक्त पंख्याची कुरकुर उरली.

"दाखवा," तो हळूच म्हणाला. "सावकाश."

"जीव घ्याल एक दिवस माझा!... आवडता तुम्ही मला. झालं समाधान?"

वकिलाच्या कानाच्या पाळ्या लालेलाल. मग त्याने टेबलावरून हात पुढे केला – दोन ढिगांच्या मधून, पण मी बसले होते त्याच्या बरंच डावीकडे.

"इकडे" म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. खुर्ची उचलली, आणि त्याचा हात होता, तिथे जाऊन बसले.