न झोपलेला शेरीफ

रात्रीची जेवणं आटोपून मंडळी कोथरूडच्या गच्चीवर बसली होती. शरच्चंद्रकाका म्हणाले, "शहेजादला तुम्ही ओळखत नाही. मी ओळखतो, म्हणून सांगतो. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं."

केयूर आणि ऋतिका सरसावून बसले.

शहेजाद हडपसरचा. नाटकांसाठी फायबरचे पुतळे करायचा. गेल्या पौषातली अमावास्या, शनिवार. संध्याकाळी स्वतः टेम्पो चालवत तो एक पुतळा घेऊन इकडे आपल्या कोथरूडला आला, तालमीच्या हॉलवर. काम साधंच. पुतळा उतरवायचा, राहिलेला रंग द्यायचा, घरी जायचं.

पुतळा होता सर वॉल्टर नावाच्या जुन्या इंग्रज सरदाराचा. बोटांपर्यंत चिलखत घालून थडग्यावर उताणा पडलेला. नाटक लिहिणाऱ्या अनिरुद्धने त्याची सगळी हकिकत शहेजादला सांगितली होती. तरुणपणी हा राजासाठी फ्रान्समध्ये लढला, मांडीत बाण घेऊन परतला. राजाने खूश होऊन त्याला एका परगण्याचा शेरीफ केलं. म्हणजे मामलेदार आणि फौजदार एकाच अंगरख्यात. सारा त्याने वसूल करायचा, चोर त्याने धरायचे, फाशीही त्यानेच द्यायची. माणूस वाईट नव्हता. पण एका रात्री दमूनभागून आला आणि "मला उठवू नका" असं बजावून झोपला. पहाटे एका पोराला फाशी होती. राजाची माफी घेऊन स्वार आला, दार ठोठावत राहिला. नोकरांनी हुकूम पाळला. उजाडायच्या आत पोरगं लटकलं.

"त्यानंतर तो कधी धड झोपलाच नाही," अनिरुद्ध म्हणाला होता. "म्हातारपणीसुद्धा रात्रभर येरझाऱ्या घालायचा. जरा खुट्ट झालं की स्वतः दार उघडायला जायचा."

"आता झोपलाय ना," शहेजाद म्हणाला. "आता कोण उठवतंय त्याला?"

रंग संपेपर्यंत मध्यरात्र झाली. राखणदार ज्ञानदेव, यवतमाळकडचा म्हातारा, म्हणाला, "आता कुठं जाता जी? इथंच झोपा. मी आहोच फाटकापाशी."

शहेजादने आतून कडी घातली. पुतळ्याशेजारी सतरंजी पसरली, कानटोपी ओढली. दिवसभराचा शीण. पडल्यापडल्या डोळा लागला.

मग...

कुणीतरी चालत होतं. झोपेतच त्याला ऐकू आलं. जड पावलं. एक पाय ओढत. भिंतीपर्यंत जायची. परत यायची. ज्ञानदेवबाबा असतील, त्याला वाटलं.

पण कडी तर आतून होती.

त्याने कूस बदलली. डोळे उघडायचा धीर होईना.

पावलं थांबली. उशाशी.

"कोण...?"

नुसता श्वास. गार.

आणि कुणीतरी खांदा धरला. गदागदा हलवला. एकदा. पुन्हा. हाड मोडेल असा.

शहेजाद धडपडत उठला. दिवा लावला. हॉल रिकामा. पुतळा जागच्या जागी.

तेव्हा कुठे त्याला दार ऐकू आलं. टक... टक... नखाने वाजवावं इतकं हळू.

आत थांबवेना. दार उघडवेना. शेवटी डोळे मिटून त्याने कडी काढली.

उंबऱ्यावर ज्ञानदेव पडला होता. छाती धरून. घामाने भिजलेला. ओठ निळे.

शहेजादने त्याला उचलून टेम्पोत घातलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर...

म्हातारा वाचला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "किती वेळचा दार वाजवून राहिलो होतो जी. तुम्ही उठतच नव्हते."

गच्चीवर कुणीतरी शाल ओढून घेतली.

"स्वप्न पडलं असेल त्याला," ऋतिका हळूच म्हणाली.

"असेल," काका म्हणाले. "पण दवाखान्यातल्या नर्सने शहेजादचा शर्ट पाहिला. विचारलं, तुम्हालाही लागलंय का? खांद्यावर पाच बोटं उमटली होती. तांबडी. तिने हात लावून पाहिला... रक्त नव्हतं ते. लोखंडाचा गंज होता."