झाकणावरची नावं

पोटात नळी घालून तपासणी करतात, त्या खोलीत नवीन लागलेला नर्स पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीशी आला. ट्रेमध्ये पेशंटच्या पोटातल्या तुकड्यांच्या दोन बाटल्या होत्या. खिडकीमागच्या टेक्निशियन मुलीने त्या फिरवून पाहिल्या आणि परत ठेवल्या.

"घेता येणार नाहीत."

"का? नावं आहेत की."

"झाकणावर आहेत. झाकण निघतं, ब्रदर. बाटलीवर लिहून आणा."

"आणतो... पण ब्रदर तेवढं म्हणू नका."

तिने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"रडू नका. बाटलीतलं फॉर्मलिन झोंबतंय. झाकण घट्ट लावत जा."

त्यानंतर तो रोज आला. नावं बाटलीवर असत. दोन बाटल्या असल्या की दोन खेपा घाली. पलीकडच्या टेबलावरच्या वयस्क टेक्निशियन, सगळ्यांच्या काकू, चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "याला खाली काम नाही वाटतं."

एका गुरुवारी पेशंट फार होते. तो घाईने आला, आणि नावं पुन्हा झाकणांवर.

"आजचा दिवस चालवून घ्या ना."

तिने चालवून घेतलं. ती तुकडे मोजायला बसली, तो खिडकीवर रेंगाळला.

"आई म्हणते, मुलगी बघायला चल. मी म्हटलं... रोज बघतोच आहे."

ती त्याच्याकडेच बघत राहिली. खाली पाहिलं, तर दोन्ही बाटल्या उघड्या होत्या आणि दोन्ही झाकणं हातात. आतलं फॉर्मलिन पाण्यासारखं, तुकडे तांदळाच्या कणीएवढे. एक नाव शाळेतल्या बाईंचं, दुसरं एका म्हाताऱ्या ड्रायव्हरचं.

"डावीकडची बाईंची," तो हळूच म्हणाला.

"नक्की?"

"बहुतेक."

"बहुतेकवर कुणाचं पोट कापायचं?"

काकूंची पाठ होती. कुणाला काही कळलं नसतं. ती उठली.

"अहो, नोकरीवर येईल."

"येऊ दे."

ती डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. तो मागोमाग गेला. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, तिला खिडकीवरून काढलं आणि झालं ते लिहून मागितलं. तिचं लिहून झाल्यावर त्याने कागद ओढून खाली लिहिलं, 'नावं झाकणावर मी लिहिली. आग्रहही माझाच.'

दोन्ही पेशंटना पुन्हा बोलवावं लागलं. माफी मागायला दोघं गेले. शाळेतल्या बाईंनी पुढची तारीख लिहून घेतली. ड्रायव्हर म्हणाला, "आधी तुम्ही नळी गिळून दाखवा, मग माफी मागा."

आठवड्याने रिपोर्ट आले. बाईंचा चांगला होता. ड्रायव्हरला कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. बहुतेकवर गेले असते, तर कदाचित बाईंना टेबलावर घेतलं असतं आणि म्हातारा घरी गेला असता.

ते कळलं तेव्हा दोघं जिन्यात उभे होते.

"आता मी आतल्या खोलीत," ती म्हणाली. "खिडकीवर काकू."

"काकू बाटली हातातसुद्धा घेत नाहीत माझी." तो थांबला. "एक विचारू? कागदावर कारण काय लिहिलंत?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं — ते नाही लिहिलं?"

"ते लिहून द्यायचं नव्हतं..." ती एक पायरी खाली उतरली, त्याच्या शेजारी. "तुम्हाला सांगायचं होतं."